बर्फातली पहिली चक्कर

मिस्त्री म्हणजे धाडसी माणूस, असा लोकांचा समज असतो. गाडीच्या पोटाखाली झोपतो, चालू इंजिनात हात घालतो, ब्रेक नसलेली गाडी गॅरेजपर्यंत चालवत आणतो, म्हणजे वाघाच्या काळजाचाच असणार, असं त्यांना वाटतं. मी मात्र पहिल्यापासून भित्रा आहे आणि सगळी हयात भीतभीतच काढली. जॅक लावलेल्या गाडीखाली शिरताना मी आजही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावतो आणि मालकाला लांब उभं करतो. माझी बायको शोभा म्हणते, "तुमी रिटायर झालाव, तुमची भीती कवा रिटायर व्हायची?" मी तिला सांगतो, मिस्त्रीची भीती गेली की गिऱ्हाइकाने घाबरायला सुरुवात करावी.

धंदा नांदेडला शिकलो, गॅरेज टाकलं लातूरला. जीपचं काम ही माझी खासियत. पुढे गाड्यांत कॉम्प्युटर आले, आपल्याला काय होतंय ते गाडीच सांगू लागली आणि मला कान लावून ऐकण्यासारखं काही उरलं नाही. मग शटर ओढलं. आता जुन्या जीपवाल्यांचे फोन येतात. हत्यारांची पिशवी स्कूटरला अडकवून मी त्यांच्या घरी जातो आणि त्यांच्या अंगणात, त्यांचा चहा पीत, त्यांच्याच गाडीला शिव्या देत काम करतो.

जीपवाले ही जातच वेगळी. भोकरच्या एका गुत्तेदाराने, म्हणजे कंत्राटदाराने, जीपला म्हशीच्या आवाजाचा हॉर्न बसवून घेतला होता. पंधरवड्याने त्याचा फोन आला की हॉर्न वाजवला की रस्त्यावरच्या म्हशी बाजूला होण्याऐवजी जीपमागे चालायला लागतात. इस्लापूरकडच्या एका पुढाऱ्याने जीप इतकी उंच करून घेतली की त्याच्या सासूबाईंना चढता येईना. मला दया आली आणि मी न सांगता एक लोखंडी पायरी जोडून दिली. तो पायरीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ही कुनी सांगितली व्हती?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. असल्या लोकांत आयुष्य गेलं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे, निदान आमच्या उस्तादांनी मला घालून दिलेली. ब्रेक, स्टेअरिंग किंवा गाडीच्या चालण्यात फरक पडेल असं कुठलंही काम केलं, की पहिली चक्कर मिस्त्रीने मारायची, तीही एकट्याने. शेजारी गिऱ्हाईक बसवायचं नाही. उस्ताद नांदेडचे, बोलायचे दखनीत. म्हणायचे, "अपने हात का काम है ना, पैले अपनी जान पे देखना." मी भित्रा असलो तरी ही रीत कधी मोडली नाही. उलट ती होती म्हणून रात्री झोप लागायची. गाडी मालकाच्या हातात जायच्या आधी तिने मला एकदा मारायची संधी सोडलेली असायची. एका गाडीची पहिली चक्कर मात्र मला मारता आली नाही. तीच सांगायची आहे.

रेणापूरचे दिगंबरअण्णा माझे जुने गिऱ्हाईक. बायकोमुलानंतर, कधीकधी त्यांच्या आधी, त्यांचा जीव जीपवर. त्यांच्याकडे चारही चाकांना जोर देणारी जुनी डिझेल जीप होती. शेतावर, बाजाराला, लग्नाला, सगळीकडे तीच. अण्णा अचानक हार्टने गेले. मागे कावेरीवहिनी आणि एकुलता एक मुलगा वैभव. वैभव लातूरच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायचा. तासिकेवर म्हणजे उन्हाळा लागला की नोकरीही सुट्टीवर जाते आणि पावसाळ्यात परत येईलच असं काही नाही. अशाच एका उन्हाळ्यात त्याचा फोन आला.

"काका, अण्णांची जीप बर्फासाठी तयार करायचीय."

मला वाटलं, कुणाच्या लग्नाला बर्फाच्या लाद्या न्यायच्या असतील. मी म्हणालो, त्याला टेम्पो बरा. तो हसायला लागला. जुन्या जीपवाल्यांचा एक गट त्याला मोबाइलवर सापडला होता. ती मंडळी जानेवारीत हिमाचलात, स्पितीच्या बाजूला जाणार होती आणि याला त्यांच्याबरोबर जायचं होतं. अण्णांच्याच जीपने, लातूर ते बर्फ.

मी त्याला सांगितलं की थंडीचीच हौस असेल तर रेल्वेने जा, एक भारी स्वेटर घे, फोटो काढ आणि ये. तो ऐकणाऱ्यांतला नव्हता. "काका, तुम्ही नाही केली तर दुसऱ्याकडून करून घेईन," म्हणाला. हे वाक्य भित्र्या मिस्त्रीला नेमकं लागतं. दुसरा कोण आणि त्याने काय करून ठेवलं असेल, या विचारानेच मी पिशवी उचलली.

बर्फ मी पाहिला होता तो गोळ्याच्या गाडीवर आणि उसाच्या रसात. रस्त्यावर पडलेला बर्फ कसा वागतो, हे मला माहीत असायचं कारण नाही. पण थंडीत गाडीला काय काय होऊ शकतं, हे मी विचारत गेलो, मोबाइलवर बघत गेलो, आणि जितकं कळत गेलं तितका आणखी विचारत गेलो. आमच्याकडे गाडीला एकच शत्रू, ऊन. तिकडे तर गाडीच्या पोटातलं पाणीच शत्रू. आपण रेडिएटरला नळाचं पाणी घालतो. ते तिकडे गोठलं की फुगतं आणि इंजिनाचा बिडाचा सांगाडा फोडतं. डिझेलचंही तसंच. आपल्याकडे हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजतं, तसं तिकडे डिझेल टाकीत थिजतं. बॅटरी अर्धमेली होते. आणि माणूस श्वास सोडतो ना, तो काचेला आतून चिकटून गोठतो, म्हणजे चालवणारा आंधळा.

रेणापूरला त्यांच्या घराच्या अंगणात, चिंचेखाली काम सुरू झालं. नांदेडच्या भंगार बाजारातून एका मोडीत निघालेल्या कारचा हीटर आणला. हीटर म्हणजे फार मोठी गोष्ट नसते. इंजिनाचं गरम पाणी एका छोट्या जाळीतून फिरवायचं आणि मागून पंख्याने हवा मारायची. नवे होज टाकले, जुनं पाणी काढून न गोठणारं कूलंट भरलं. कॅनव्हासच्या हुडाला आतून धनगराकडची घोंगडी शिवून घेतली. ही कल्पना कावेरीवहिनींची. "ताडपत्रीनी ऊब येती व्हय? घोंगडी लावा," म्हणाल्या. त्या वेळी त्यांना वाटत होतं की हे पोराचं चार दिवसांचं खूळ आहे.

कूलंट आणि डिझेल किती थंडी सोसतं, हे बघायचं कसं? लातूरच्या मे महिन्यात थंडी आणायची कुठून? मी दोन बाटल्या भरून ओळखीच्या बर्फाच्या कारखान्यात घेऊन गेलो. तिथे मिठाच्या पाण्याची मोठी टाकी असते, त्यात डबे बुडवून लाद्या बनवतात. ते पाणी बर्फापेक्षा थंड असतं. मालकाने विचारलं, "काय घालायलाव माझ्या टाकीत? लोक खातेत तो बर्फ." त्याला शपथेवर पटवलं की बाटल्यांची झाकणं घट्ट आहेत. संध्याकाळी काढल्या तेव्हा कूलंट पातळ होतं. डिझेल मात्र धुकट झालं होतं, तळाला मेणासारखं काहीतरी बसलं होतं. ती बाटली हातात धरून मी कारखान्याच्या दारात उभा राहिलो. बाहेर डांबर वितळत होतं. माझ्या हातातलं डिझेल एका हौशी पोराला रस्त्यात कुठेतरी थांबवून मारू शकेल, हे मला तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

मग डिझेलच्या फिल्टरला गरम करणारी तार बसवली, बॅटरी दणकट घेतली, तिकडचं हिवाळी डिझेलच भर म्हणून वैभवला बजावलं. हीटर तपासायला मी आणि तो भर दुपारी जीपची दारं लावून बसलो आणि हीटर सोडला. थोड्याच वेळात अंगाचं पाणी पाणी झालं. कावेरीवहिनी ओसरीवरून बघत होत्या. "उन्हात बसून शेकायलाव? दोगंबी येडे झालाव," म्हणाल्या. आम्ही दारं उघडून बाहेर पडलो आणि मी वैभवला म्हणालो, हीटर एकदम फर्स्ट क्लास.

राहिल्या साखळ्या. बर्फात टायर घसरतं, म्हणून त्याला साखळ्यांचं जाळं घालतात. जुन्या टायरच्या मापाच्या मिळेनात, तेव्हा लोहाराकडून करून घेतल्या. जनावरं बांधायच्या साखळ्यांपेक्षा थोड्या जाड, मध्ये आडव्या कड्या. त्या तपासायला मला श्रावणापर्यंत थांबावं लागलं, कारण आमच्या मुलखात बर्फाच्या जवळ जाणारी एकच चीज आहे, ती म्हणजे पावसात भिजलेली काळी माती. तिच्यावर माणूस उभा राहिला तरी घसरतो आणि गाडी उतरली तर ती बैलाशिवाय निघत नाही. मी एकटाच जीप रानात घातली, नेहमीच्या रितीप्रमाणे. साखळ्यांनी माती अशी पकडली की मला लहान पोरासारखा आनंद झाला. बांधावरून वैभव शिट्ट्या मारत होता.

आणि त्याच दुपारी, जीप अंगणात परत आणल्यावर, तो पाय धुवायला विहिरीकडे गेला असताना, कावेरीवहिनी माझ्याजवळ चहा घेऊन आल्या. चहा दिला तरी गेल्या नाहीत.

"मिस्त्रीभाऊ, एक सांगू का?"

"सांगा की, वहिनी."

"ही गाडी जाऊ नये असं कायतरी करा."

मी कप खाली ठेवला. त्या हळू बोलत होत्या, पण त्यांनी हे मनाशी पुष्कळदा म्हणून पाहिलेलं असावं, कारण पुढचं त्या न थांबता बोलल्या.

"मोडा असं म्हनत न्हाई मी. नुसती चालू व्हऊ नये. गेटाच्या आतच. त्याला वाटावं की जुनी झाली, गेली कामातून. त्यांच्या मागं एवढा एकच हाय मला. मी सांगून बगितलं, रडून बगितलं. तो म्हनतो, काका करायलेत म्हंजी काय भ्या न्हाई. तुमच्यावर भरोसा ठेवून चाललाय तो. मग तुमीच थांबवा."

हे करणं किती सोपं होतं, ते मिस्त्रीलाच कळेल. एक तार ढिली केली असती तर वैभव महिनाभर शोधत बसला असता. आणि मी सरळ सांगतो, मला मोह झाला. त्यांच्यापेक्षा मी कमी घाबरलेलो नव्हतो. पण गाडीत मुद्दाम दोष ठेवायचा, ही गोष्ट माझ्या हाताला जमण्यासारखी नव्हती.

मी म्हणालो, "वहिनी, गाडी बंद पाडनं सोपं हाय. पन ती कुठं बंद पडंल ते माझ्या हातात ऱ्हात न्हाई. अंगनात पडंल म्हनून करावं आन घाटात पडावी. मी जे करायलोय ते त्यो परत यावा म्हनून करायलोय."

त्यांनी एकदा जीपकडे बघितलं. मग कप उचलून आत गेल्या. त्यानंतर त्यांनी मला त्याबद्दल एक शब्दही विचारला नाही, चहाही रोज येत राहिला.

जानेवारीत जीप निघाली. जायच्या सकाळी मी परत सगळं तपासलं. वैभवच्या पायात नवे बूट, डोक्यावर कानटोपी, आणि रेणापूरला तेव्हा नुसत्या शर्टावर भागावं असं ऊन. वहिनींनी त्याला दहीसाखर दिली, जीपच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. मी बोनेटवर हात ठेवून उभा होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी एक गाडी अशी देत होतो, जिची पहिली चक्कर मी मारली नव्हती. काळ्या मातीतली चक्कर खरी चक्कर नव्हती, हे मला माहीत होतं. या गाडीची पहिली चक्कर बर्फातच होणार होती, आणि ती तो पोरगा मारणार होता.

"काका, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला आणि गेला.

पुढे फोन येत राहिले. इंदूर आलं, दिल्ली आली, चंदीगड आलं. गाडी झकास चाललीय म्हणायचा. मग डोंगर लागले आणि फोन तुटक यायला लागले. एकदा त्याने बर्फाचा फोटो पाठवला, पांढऱ्याशुभ्र रस्त्यात अण्णांची मातकट जीप. शोभा म्हणाली, किती छान दिसतंय. मला ते छान दिसलं नाही. मी फोटो मोठा करून, चाकांना साखळ्या अजून का घातल्या नाहीत, तेच बघत बसलो. काच आतून धुकट वाटत होती, पण मोबाइलच्या फोटोचा काय भरवसा, असं म्हणून मी स्वतःचं समाधान केलं.

त्यानंतर फोन बंद झाला.

पहिल्या दिवशी वाटलं, तिथे रेंज नसेल. दुसऱ्या दिवशी कावेरीवहिनींचा फोन आला, तुमाला आला का म्हणून. मी सांगितलं, डोंगरात असंच असतं. हे सांगताना माझा आवाज मलाच खोटा वाटला. जेवण जाईना. जीपचा एक एक भाग मी मनात उघडून बघायला लागलो. हा बोल्ट कसला होता का, तो पाइप घासत तर नव्हता ना, तार वितळली तर, साखळी तुटून ब्रेकच्या पाइपला लागली तर. गाडी समोर असली की भीतीला काहीतरी काम असतं, पाना उचलता येतो. इथे नुसतं बसायचं होतं. शोभाने रेडिओ लावला तर मी तिच्यावर खेकसलो. ती रेडिओ बंद करून माझ्याजवळ येऊन बसली. ती मला भीतीवरून चिडवायची, त्या दिवशी तिने चिडवलं नाही, त्यामुळे मी आणखी घाबरलो.

अखेर गटातल्या एकाचा फोन आला. वैभव जिवंत होता, तिकडच्या दवाखान्यात होता. दोन्ही पायांची बोटं गोठली होती.

झालं ते असं. चढावर बर्फ वाढला तसा तो साखळ्या घालायला खाली उतरला. बाकीच्या गाड्या पुढे निघून गेल्या होत्या. साखळ्या चढवताना गुडघाभर बर्फात उभं राहावं लागलं, बुटात पाणी गेलं. त्याने विचार केला, आत बसून हीटरवर मोजे वाळवू. आत बसला, हीटर सोडला, आणि हीटरमधून गार हवा आली. इंजिन चालू होतं, डिझेल थिजलं नव्हतं, बॅटरी ठणठणीत, साखळ्या घट्ट. पण इंजिनाच्या तापमानाचा काटा खालून वरच येईना. काच आतून गोठली. पुढचं दिसेना, बाजूला दरी. तो तिथेच थांबला, चालू इंजिनात, ओल्या पायांनी, कुणीतरी येईल याची वाट बघत. मागून एक तिकडचा ट्रकवाला आला म्हणून वाचला. त्या माणसाने बोनेट उघडून एका होजला हात लावला आणि ओळखलं. गार वारा अडवायला रेडिएटरपुढे पुठ्ठा बांधला आणि वैभवला उचलून आपल्या ट्रकमध्ये घातलं. जाताना म्हणाला, या गाडीत झडपच नाही.

ही झडप म्हणजे काय ते सांगतो. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मध्ये ती असते. इंजिन थंड असेल तोवर मिटून राहते आणि पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. इंजिन तापलं की आपोआप उघडते. कधी ती मिटलेलीच अडकते, मग इंजिन उकळतं. आमच्या उन्हात हे परवडत नाही. म्हणून मराठवाड्यातला जवळजवळ प्रत्येक मिस्त्री जुन्या जीपची झडप काढून टाकतो. मीही काढायचो. गाडी थंड राहते, मालक खूश, आम्ही शहाणे. अण्णा तर चारचौघांत सांगायचे, भर उन्हाळ्यात माझ्या जीपचा काटा हलत नाही. त्यांच्या जीपची झडप केव्हा कुणी काढली, मी की दुसऱ्या कुणी, ते आता सांगता येत नाही. आणि मी झडपेचं घर उघडून बघितलं नाही, कारण आमचा दुसरा नियम असा की जुन्या इंजिनाच्या न गळणाऱ्या बोल्टाला हात लावायचा नाही, तो तुटतो. हीटर तपासला तो मे महिन्यात. तेव्हा बाहेरचं ऊनच इतकं होतं की झडपेविना इंजिन तापलं आणि आम्ही दोघं घामाघूम होऊन फर्स्ट क्लास म्हणत बसलो. आमच्या उन्हाने आम्हाला फसवलं. असं म्हणून मी मोकळा होत नाही, पण खरं तेच आहे.

वैभवला दिल्लीहून विमानाने हैदराबादला आणि तिथून गाडीने लातूरला आणलं. आज तो चालतो-फिरतो, उजव्या पायाची दोन बोटं नाहीत. पण तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. सगळी बोटं काळी पडली होती. डॉक्टर म्हणाले, थांबावं लागेल, कुठलं वाचतं आणि कुठलं जातं ते शरीरच ठरवेल. कदाचित बोटं, कदाचित पाऊल. मी त्याला भेटायला गेलो तर तो पोरगाच मला समजावत होता. मी त्याच्या पायांकडे बघू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कावेरीवहिनी आमच्या घरी आल्या. दवाखान्यातून तशाच आल्या होत्या. मला वाटलं, भांडायला आल्या असतील, आणि खरं सांगतो, मला ते बरं वाटलं असतं. शोभाने त्यांना पाणी दिलं. त्यांनी तांब्या हातात धरून ठेवला, पाणी प्यायल्या नाहीत.

"वैभव म्हनला, गाडीतलं कायतरी काडलेलं व्हतं म्हनून ती गार पडली."

"हाव, वहिनी."

"तुमी काडलं न्हाई. मला म्हाईत हाय. तुमी मला न्हाई म्हनलाव."

"न्हाई काडलं. तुमाला काय वाटलं?"

त्यांनी तांब्या मांडीवर टेकवला. मग म्हणाल्या, "तुमी न्हाई म्हनलाव म्हनून मी देवीला सांगितलं. रोज जाऊन सांगायची. गाडी बंद पडू दे, त्याला जाऊ देऊ नको. तुमी म्हनलाव तसंच म्हनली, मोडू नको, नुसती बंद पाड. देवी न्हाई म्हनली न्हाई, भाऊ. तिनं पाडली. पन तुमी म्हनलाव तेच झालं. कुठं पडंल ते हातात ऱ्हात न्हाई."

शोभा माझ्याकडे बघायला लागली. तिला त्या दुपारचं काही माहीत नव्हतं, मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आता मला देवळात जायचं भ्या वाटायलंय," वहिनी म्हणाल्या. "त्याच्या पायासाटी मागावं म्हनून तीनदा निगाले, पायरीवरून म्हागारी आले. मी कायबी मागितलं आन तिनं अजून तसलंच कायतरी केलं तर?"

मला आयुष्यभर गाड्यांची भीती वाटली. माणसाला स्वतःच्याच मागण्याची इतकी भीती वाटलेली मी पहिल्यांदा बघत होतो, आणि त्या भीतीला लावायला माझ्याकडे दगड नव्हते. मी त्यांना झडप म्हणजे काय ते समजावून सांगितलं, शोभाच्या चहाच्या भांड्यावर झाकण ठेवून, काढून. मग सांगितलं की अण्णांच्या जीपची झडप अण्णा असतानाच गेलेली होती. त्यांना सांगितलं की आम्ही मिस्त्री लोकच ती काढतो, सगळ्याच गाड्यांची. अण्णांना त्यातलं काही कळत नव्हतं.

"म्हंजी मी देवीला सांगायच्या आदीच?"

"लई वर्सं आदी."

"वैभव कालिजात बी नसंल तवा."

"हाव. तवाच."

"म्हंजी देवीनं न्हाई केलं."

"न्हाई. ह्यात देवीचा काय संबंध न्हाई."

"शपत?"

"आईची शपत."

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि तोंडावर पदर घेऊन रडल्या. शोभा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रडणं थांबलं तेव्हा त्या माझ्याकडे बघून, एखाद्या मोठ्या माणसाची परवानगी घ्यावी तशा, म्हणाल्या, "मग मागू का आता? बोटासाटी?"

आमच्या घरात माझ्या आजोबांनी देव सोडले. आमच्याकडे नवस नाही, कौल नाही, कुणापुढे काही मागायचं नाही, असं मी लहानपणापासून शिकलो आणि माझ्या मुलांनाही तेच शिकवलं.

"मागा, वहिनी," मी म्हणालो. "मन लावून मागा."